कोंडलेल्या कोंबड्यांची टोचाटोची आणि तिचा बंदोबस्त

वसईच्या किल्ल्यापासून उत्तरेस अर्नाळ्यापर्यंत समुद्राला समांतर पसरलेल्या ज्या हिरव्या पट्टीत गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी गावे वसली आहेत, त्या पट्टीतील वाड्यांमध्ये कोंबडी पाळणे हा स्वतंत्र धंदा कोणी समजत नसे. केळीची बाग, पानवेलीचा मळा, सोनचाफ्याची झाडे आणि विहिरीचे पाणी ह्यांच्या सोबतीने पाच-दहा कोंबड्या असावयाच्याच. सकाळी खुराड्याचे दार उघडून मूठभर कणी अंगणात फेकली, म्हणजे पालनकर्त्याचे कर्तव्य संपले. पुढचा सारा दिवस कोंबड्यांनी पालापाचोळा उकरून, गांडुळे, वाळवी आणि किडे वेचून, दुपारच्या वेळी आंब्याखालच्या कोरड्या मातीत लोळून काढावयाचा आणि दिवेलागणीस आपल्या पायांनी परत यावयाचे, असा हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला परिपाठ होता.

१९९० च्या सुमारास वसई-विरार पट्ट्याच्या नियोजनाचा अधिकार सिडकोकडे आला आणि इमारतींचा लोंढा वाड्यांच्या कुंपणापर्यंत येऊन भिडला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभारले, त्यामुळे ह्या पट्टीचा बराचसा भाग वाचला खरा. परंतु २००९ साली महानगरपालिका स्थापन झाली तोपर्यंत पुष्कळ वाड्यांची वाटणी होऊन त्यांची परसे झाली होती, आणि परसांना सिमेंटच्या भिंती आल्या होत्या. शेजारच्या कुंड्या उकरल्या जाऊ नयेत, रस्त्यावरच्या वाहनाखाली कोंबडी सापडू नये, भटक्या कुत्र्यांनी आणि मुंगसांनी तिचा फडशा पाडू नये, ह्या रास्त भीतीपोटी जी कोंबडी कालपर्यंत मोकळी हिंडत होती ती तारेच्या जाळीआड गेली. कोंबड्या त्याच, त्यांना पडणारी कणीही तीच. तरीसुद्धा ज्या घरात पूर्वी टोचण्याची तक्रार क्वचितच निघे, त्याच घरात आता उघड्या पाठीच्या, शेपटी झडलेल्या, प्रसंगी रक्तबंबाळ झालेल्या कोंबड्या दिसू लागतात. ही व्याधी कोठून येते, ती जडल्यावर काय करावे आणि ती मुळात जडू नये म्हणून कोणती तजवीज करावी, ह्याचा विचार ह्या प्रकरणात करावयाचा आहे.

टोचण्याचे प्रकार

पहिली गोष्ट ही की, कोंबडी कोंबडीला टोचते तेव्हा दर वेळी ती भांडत असते असे नाही. थॉरलाइफ शेल्डेरूप-एब्बे ह्या नॉर्वेजियन अभ्यासकाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करून १९२१-२२ च्या सुमारास असे दाखवून दिले की, प्रत्येक कळपात मानाची एक उतरंड असते आणि वरची कोंबडी खालचीला टोचून आपला अधिकार बजावते. हे भांडणाचे टोचणे असते. त्याचा रोख डोक्यावर आणि तुऱ्यावर असतो. त्याच्या आधी मान ताठ करणे, अंगावर धावून जाणे अशी धमकी असते. आणि एकदा उतरंड ठरली की बहुतेक वेळा नुसत्या नजरेच्या धाकाने काम भागते. लहान कळपात कोंबड्या एकमेकींना ओळखतात म्हणून ही व्यवस्था टिकते. नव्या कोंबड्या आणून एकदम मिसळल्या, तर ती मोडते आणि काही दिवस तुरे रक्ताळतात.

पिसे टोचणे हा ह्याहून सर्वस्वी निराळा मामला आहे. त्यात राग नसतो, धमकी नसते. दुपारच्या वेळी जाळीआड थोडा वेळ निश्चल बसून पाहिले तर हे स्पष्ट दिसते: एक कोंबडी शांतपणे दुसरीच्या मागे येते, शेपटीच्या मुळाशी, जेथे पिसांना तुकतुकी आणणारी तेलाची ग्रंथी असते तेथे, मान तिरपी करून एखादे सुटे पीस न्याहाळते, ते चोचीत धरते, हलकेच ओढते, सोडते आणि पुन्हा धरते. ज्या कोंबडीचे पीस ओढले जाते तीही पुष्कळदा जागची हलत नाही. हा सौम्य प्रकार झाला. ह्याच कृतीत जोर आला, पीस उपटले जाऊ लागले आणि उपटलेले पीस गिळलेही जाऊ लागले, म्हणजे तो तीव्र प्रकार होतो. पीस उपटलेल्या जागी रक्ताचा थेंब उमटतो, तो इतर कोंबड्यांना दिसतो, आणि मग एकीने आरंभलेले काम चौघी पुढे नेतात. कोंबडीची दृष्टी रंगांच्या बाबतीत मनुष्यापेक्षाही संपन्न असून लाल रंगाकडे ती चटकन आकृष्ट होते, ही गोष्ट येथे तिच्या सोबतिणीच्या मुळावर येते.

तिसरा आणि सर्वांत घातक प्रकार गुदद्वाराशी टोचण्याचा. अंडे बाहेर पडताना आतील लाल, ओलसर अस्तर क्षणभर बाहेर उलटते आणि पुन्हा आत जाते. कोंबडी आडोशाला, काळोखात बसून अंडे घालीत असेल तर हे कोणाच्या नजरेस पडत नाही. उजेडात, गर्दीत घालीत असेल तर तेवढ्या क्षणात चोच पडते. वयाच्या आधी अंड्यावर आलेल्या तलंगा आणि फाजील चरबी चढलेल्या कोंबड्या ह्यांचे अस्तर लवकर आत जात नाही, म्हणून त्यांना हा धोका अधिक. ह्या जागी झालेली जखम काही तासांत आतड्यांपर्यंत जाऊ शकते. पिलांमध्ये पायाची बोटे टोचण्याचाही एक प्रकार आढळतो. खाद्याच्या भांड्याशी जागा अपुरी पडली किंवा पिले उपाशी राहिली, की तो उद्भवतो.

चोचीची भूक

मग राग नसताना कोंबडी दुसरीचे पीस का उपटते? ह्याचे उत्तर तिच्या पूर्वजांच्या दिनक्रमात आहे. आपल्या सर्व पाळीव कोंबड्या ज्या रानकोंबडीपासून उत्पन्न झाल्या, ती अन्न शोधण्यात किती वेळ घालविते ह्याची मोजणी इंग्लंडमधील मॅरियन डॉकिन्स ह्या विदुषींनी केली आणि १९८९ मध्ये ती प्रसिद्ध केली. दिवसाच्या जागत्या वेळेपैकी सुमारे ६० टक्के मिनिटांत हे पक्षी जमीन टोचताना आणि सुमारे ३४ टक्के मिनिटांत ती पायांनी उकरताना दिसले. लक्षात घेण्याजोगा भाग असा की, त्या पक्ष्यांना आयते खाद्यही मिळत होते. पोट भरले तरी चोचीचे काम थांबत नाही. शोधणे ही कोंबडीची स्वतंत्र गरज आहे आणि खाणे हे तिचे एक फळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ह्याच धाग्याने हॅरी ब्लॉकहाउस ह्या डच संशोधकाने १९८६ मध्ये असा सिद्धांत मांडला की, पिसे टोचणे म्हणजे जमीन टोचण्याची वाट चुकलेली प्रवृत्ती होय. उकरण्याजोगी जमीन नसेल, तर चोच जवळात जवळच्या टोचण्याजोग्या वस्तूकडे वळते, आणि कोंडवाड्यात अशी वस्तू म्हणजे सोबतीण. डेन्मार्कच्या क्लाउस वेस्टरगार्ड ह्यांनी धुळीत लोळण्याच्या गरजेवर भर दिला. ज्यांना लहानपणी माती-वाळू मिळाली नाही ते पक्षी मोठेपणी पिसांकडे वळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन्ही मतांचा झोक एकाच दिशेला आहे. वाडीतल्या आंब्याखालचा पाचोळा आणि विहिरीच्या कठड्याशी असलेली कोरडी माती ह्या दोन्ही गरजा कोणी न सांगता भागवीत होती. फरशी घातलेल्या परसात त्या दोन्ही एकाच वेळी नाहीशा झाल्या.

आनुवंशिकतेचाही ह्यात वाटा आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विल्यम म्यूर ह्यांनी चोच न कापलेल्या कोंबड्या कुटुंबवार पिंजऱ्यांत ठेवल्या, आणि वाणासाठी निवड करताना एकेकट्या कोंबडीची अंडी न मोजता ज्या पिंजऱ्यातील सर्व बहिणी मिळून चांगल्या जगल्या त्या पिंजऱ्याचीच निवड केली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात वर्षाकाठी ६८ टक्क्यांपर्यंत गेलेली मरतूक अवघ्या काही पिढ्यांत ९ टक्क्यांच्या आसपास उतरली. सर्वांत जास्त अंडी घालणारी कोंबडी ही पुष्कळदा सोबतिणींच्या जिवावर उठणारीही असते, हा ह्या प्रयोगाचा धडा. घरच्या पालकानेही तो लक्षात ठेवावा आणि ज्या कोंबडीला पिसे उपटण्याचे व्यसन जडले आहे तिची अंडी उबवणीस ठेवू नयेत, मग ती कितीही अंडाळू असो.

ताटातील उणीव

टोचाटोचीचा संशय आला की, पहिला तपास खाद्याचा करावा. पिसे ही जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांची बनलेली असून त्या प्रथिनात गंधकयुक्त घटकांचे प्रमाण मोठे असते. मेथिओनीन हे तशा घटकांपैकी एक. ते आहारात कमी पडले तर पिसांची वाढ खुंटते आणि टोचणे वाढते. आता आपल्याकडच्या रीतीकडे पाहावे. तांदळाची कणी, उरलेला भात, भाकरीचे तुकडे एवढ्यावर वाडीतली कोंबडी सुखाने जगत होती, कारण मेथिओनीनची उणीव गांडुळे आणि किडे भरून काढीत होते. तीच कोंबडी जाळीआड गेल्यावर कणी तेवढी राहिली आणि किडे गेले. पालकाने खाद्य कमी केले नाही. त्यातला अर्धा भाग मात्र त्याच्या नकळत बंद झाला.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असावे, आणि दररोज ११० ते १२० ग्रॅम खाद्य तिच्या पोटात जावे, हा सर्वसाधारण जाबता आहे. बाजारात मिळणारे लेअर खाद्य हा त्यावरचा सोपा मार्ग. घरी मिश्रण करावयाचे तर मका, सोयाबीनची पेंड आणि मासळीची कुटी ह्यांचा आधार घ्यावा लागतो. वसईच्या किनाऱ्यावर मासळीची वाण नाही. अर्नाळ्यात आणि पाचूबंदरला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळतात, जवळा पसरलेला असतो, आणि त्यातला चुरा कोंबड्यांना घालण्याची चाल जुनी आहे. चाल चांगली आहे, फक्त मीठ लावून सुकविलेली मासळी वापरू नये. खाद्यात मीठ ०.३ ते ०.५ टक्के हवे. मीठ मुळीच नसेल तरी टोचणे वाढते, आणि फार झाले तर हगवण लागून कोंबडी दगावते. बिनमिठाचा जवळा, धुऊन वाळविलेली बोंबलाची डोकी ही प्रथिनांसाठी, आणि शिवल्या-कालवांच्या शिंपल्या भाजून, ठेचून कॅल्शियमसाठी, असा साधा हिशेब ठेवावा.

तंतुमय पदार्थांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पिसे गिळणाऱ्या कोंबड्यांवरील संशोधनात असे आढळले आहे की, गिळलेली पिसे पोटात चोथ्यासारखे कार्य करून अन्न पुढे सरकविण्यास मदत करतात. म्हणजे चोथ्याची उणीव कोंबडी पिसांनी भरून काढीत असावी. कोंडा, मुळ्याचा आणि शेवग्याचा पाला, कोबीची बाहेरची पाने हे पदार्थ म्हणूनच नियमाने द्यावेत. ते जमिनीवर टाकू नयेत. सुतळीने बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगावेत, म्हणजे एकेक तुकडा तोडण्यात वेळ जातो आणि चोच कामात राहते. केळीचा घड उतरविल्यावर तोडून टाकलेल्या खांबाचा हातभर तुकडा उभा चिरून कोंडवाड्यात ठेवावा. कोंबड्या तो दिवसभर पिंजत बसतात. ह्याच कारणाने गोळीच्या खाद्यापेक्षा भरडीचे खाद्य बरे. गोळ्या दहा मिनिटांत संपतात, भरड निवडीत कोंबडी कितीतरी वेळ घालविते. खाद्याचा प्रकार बदलावयाचा असेल तर आठवडाभर थोडे थोडे मिसळून बदलावा; एकाएकी झालेला बदल हेही टोचणे सुरू होण्याचे एक निमित्त असते.

जागा, गादी आणि उजेड

गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा चार-सहा इंचांचा थर देऊन कोंबड्या पाळताना, अंडी देणाऱ्या एका कोंबडीस निदान २ चौरस फूट जागा द्यावी असे पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत सांगतात. परसातल्या पालकाने ह्याच्या दुप्पट द्यावी हे उत्तम, कारण मोठ्या शेडमध्ये दुबळ्या कोंबडीला पळून जाण्यास जी वाट असते ती पाच हातांच्या कोंडवाड्यात नसते. खाद्याच्या भांड्याशी प्रत्येकीला १० ते १२ सेंटिमीटर जागा मिळावी, आणि भांडी दोन ठिकाणी असावीत, म्हणजे एकच दांडगी कोंबडी दोन्हींवर पहारा करू शकत नाही. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याची एक पेटी, ती काळोख्या कोपऱ्यात आणि पुढून गोणपाटाचा पडदा लावलेली. बसण्याचे दांडे अशा उंचीवर असावेत की, खालून चालणाऱ्या कोंबडीची चोच वर बसलेलीच्या शेपटीखाली पोहोचणार नाही.

वसईतील खरी कसोटी पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत हवेतील दमटपणाने गादी ओली होते, तिची घट्ट खपली बनते, अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, आणि जी गादी उकरण्यासाठी घातली ती पायांना दगडासारखी लागू लागते. टोचाटोचीच्या तक्रारी ह्या दिवसांत वाढाव्यात ह्यात नवल नाही. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा भाग पाण्याखाली गेला तसा प्रसंग पुन्हा येणारच नाही असे कोणी सांगू शकत नाही. म्हणून कोंडवाड्याची जमीन भोवतालच्या अंगणापेक्षा हातभर उंच असावी, छपराचा वळचणीचा भाग दोन-तीन फूट पुढे काढावा, आणि पाण्याचे भांडे विटांवर ठेवून त्याखालचा तूस रोज बदलावा. गादी रोज सकाळी फावड्याने खालवर करावी, आणि ओल धरू लागताच विझलेला चुना थोडासा मिसळावा. गादीवर मूठभर गहू किंवा बाजरी विखरून टाकली तर कोंबड्या ती उकरून शोधतात; त्यांना काम मिळते आणि गादीही त्यांच्याच पायांनी खालवर होते. एका कोपऱ्यात छपराखाली पसरट लाकडी खोके ठेवून त्यात धुतलेली कोरडी वाळू आणि थोडी चाळलेली राख घालावी. समुद्रकाठची वाळू खारट असते, ती पावसाने किंवा विहिरीच्या पाण्याने धुतल्याशिवाय वापरू नये. ह्या धूळस्नानाने अंगावरच्या उवाही कमी होतात, आणि उवांनी हैराण झालेली कोंबडी स्वतःचीच पिसे ओरबाडून सोबतिणींना आमंत्रण देते, हे लक्षात ठेवावे.

उजेड जितका प्रखर तितके टोचणे तीव्र. पश्चिमेकडून येणारे तिरपे ऊन कोंडवाड्यात पडत असेल, तर नारळाच्या झावळ्यांचा झाप किंवा गोणपाट त्या बाजूस लावावा. वारा मात्र अडवू नये, कारण एप्रिल-मे महिन्यांतला उकाडा हाही कोंबडीचा धीर संपविणारा असतो. अंड्यांसाठी चौदा-सोळा तासांचा उजेड लागतो म्हणून पुष्कळजण संध्याकाळी दिवा लावतात. तो मंद असावा. टोचाटोची सुरू असताना काही दिवस लाल दिवा लावला तर चालतो, कारण लाल उजेडात रक्ताचा लाल रंग वेगळा उठून दिसत नाही. ह्याच कल्पनेवर अमेरिकेत एकेकाळी कोंबड्यांना लाल काचांचे चष्मे घालीत असत. चष्म्याचे पहिले पेटंट १९०३ साली निघाले, आणि त्याचा मूळ हेतू डोळ्यांवर चोच पडू नये एवढाच होता.

जखमी कोंबडीची शुश्रूषा

रक्त दिसताच करावयाची पहिली गोष्ट एकच: त्या कोंबडीला तत्काळ वेगळी काढावी. औषध शोधण्यात गेलेली पंधरा मिनिटे जखम दुप्पट करण्यास पुरेशी असतात. डालग्याखाली किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात, काळोखात आणि ऊबेत तिला ठेवावे. मग निवांतपणे तपासावे. तपासताना तिचे पंख अंगाशी दाबून, टॉवेलमध्ये गुंडाळून दुसऱ्या माणसाने मांडीवर धरावे, म्हणजे ती धडपडत नाही.

जखमेभोवतालची पिसे कात्रीने कापावीत, उपटू नयेत. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चमचाभर मीठ घालून त्या पाण्याने जखम धुवावी, स्वच्छ कापडाने टिपावी आणि पातळ केलेले पोव्हिडोन-आयोडीन लावावे. आपल्याकडे नारळाच्या तेलात हळद कालवून लावण्याची पद्धत आहे; वरवरच्या ओरखड्याला ती चालते, खोल जखमेला मात्र तेवढ्याने भागत नाही. जांभळे जंतुनाशक औषध जखमेचा लाल रंग झाकते म्हणून पूर्वी सर्रास लावीत. अंडी देणाऱ्या कोंबडीवर ते वापरण्याआधी पशुवैद्यांना विचारावे. कोणतेही प्रतिजैविक दिले असेल तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाऊ नयेत आणि विकूही नयेत.

पावसाळ्यात जखमेवर माशी बसून एका दिवसात अळ्या पडतात. म्हणून जुलै-ऑगस्टमधली जखम दिवसातून दोनदा उघडून पाहिलीच पाहिजे, आणि कोंबडीला मच्छरदाणीच्या जाळीखाली ठेवले पाहिजे. अळ्या दिसल्या तर चिमट्याने एकेक काढाव्यात आणि तत्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. गुरांच्या जखमेत घालतात तसा तेलातला कापूर कोंबडीच्या इवल्याशा देहाला उग्र पडू शकतो. गुदद्वाराचे अस्तर बाहेर येऊन परत जात नसेल, तर ते कोमट पाण्याने धुऊन, ओल्या स्वच्छ बोटाने हलकेच आत सारावे आणि कोंबडीस काळोखात ठेवून अंड्यांचा वेग मंदावू द्यावा. तरीही ते पुन्हा बाहेर आले तर घरगुती प्रयोग थांबवावेत.

बरी होत असलेली कोंबडी कळपापासून दृष्टिआड ठेवू नये. कोंडवाड्यातच जाळीच्या आडोशाला ठेवली, म्हणजे सोबतिणी तिला पाहत राहतात, तिचा आवाज ऐकत राहतात आणि परत आल्यावर परकी समजून तिच्यावर तुटून पडत नाहीत. जखम पूर्ण भरून तेथे लाली उरली नाही, मगच रात्री दांड्यावर नेऊन बसवावी. मुळासकट उपटलेले पीस काही आठवड्यांत पुन्हा उगवते. मधेच तुटलेले पीस मात्र पुढच्या पीसझडीपर्यंत तसेच राहते. नव्या उगवत्या पिसाच्या नळीत रक्त असते, म्हणून हे आठवडे पुन्हा हल्ला होण्याचे असतात, आणि ह्या काळात निष्काळजीपणा करू नये.

आणखी एक खबरदारी सांगणे अगत्याचे आहे. सकाळी कोंडवाड्यात टोचलेले प्रेत सापडले म्हणजे टोचल्यामुळेच मरण आले असा निष्कर्ष काढू नये. रोगाने मेलेल्या कोंबडीलाही इतर कोंबड्या टोचतात. एका-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या, डोकी सुजली, तुरे निळसर पडले, तर प्रेतांना उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुसंवर्धन खात्यास कळवावे. २०२२ च्या फेब्रुवारीत वसई-विरार परिसरात बर्ड फ्लूची लागण आढळली होती, तेव्हा ही शंका अनाठायी समजू नये.

चोच कापावी काय?

मोठ्या व्यवसायात ह्या सर्व व्याधींवर एकच उतारा रूढ आहे: पिलू सात-दहा दिवसांचे असताना तापलेल्या पात्याने त्याच्या चोचीचे टोक कापावयाचे, आणि जरूर पडल्यास तलंग वयात पुन्हा कापावयाचे. त्याने जखमा कमी होतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चोच हे नखासारखे निर्जीव शिंग नव्हे. तिच्या टोकाशी स्पर्शाच्या ज्ञानतंतूंची दाटी असते, आणि १९८० नंतरच्या दशकात मायकेल जेंटल ह्यांनी दाखवून दिले की, मोठ्या वयात कापलेल्या चोचीच्या बुंध्यात तंतूंच्या गाठी बनतात व त्या वेदनेचे कारण होऊ शकतात. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड ह्या देशांनी चोच कापण्यास मनाई केली आहे. तेथेही लोक अंडी खातात आणि कोंबड्याही पाळल्या जातात. फरक एवढाच की, कापण्याची सोय नसल्यामुळे त्यांना गादी, उजेड, वाण आणि खाद्य ह्यांचा कसून विचार करावा लागला.

भारतात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अंडी देणाऱ्या कोंबड्यांविषयीचे नियम २०२३ मध्ये जारी झाले, आणि पिंजऱ्यात प्रत्येक कोंबडीस निदान ५५० चौरस सेंटिमीटर जागा देणे त्यांनी आवश्यक ठरविले. कचेरीत वापरतो तो ए-फोर कागद ह्यापेक्षा मोठा असतो, एवढे सांगितले म्हणजे ह्या किमान मर्यादेचे स्वरूप ध्यानात येईल. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाने २०१२ पासून साधे पिंजरे बंद केले आणि सुधारित पिंजऱ्यात ७५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवून दिली. कायदा किमान मर्यादा आखतो. त्यापलीकडे जाणे पालकाच्या विवेकावर आणि ऐपतीवर अवलंबून असते. हजारो कोंबड्यांच्या व्यवसायाला ती ऐपत नसेल, परंतु दहा-वीस कोंबड्यांच्या परसात चोच कापण्याची पाळी येते तेव्हा काहीतरी तपासावयाचे राहून गेलेले असते, असे खुशाल समजावे.

तो तपास ठरावीक क्रमाने करावा. आधी खाद्य पाहावे: प्रथिने, मीठ, पाला आणि शिंपल्या ह्यांपैकी कशाची उणीव आहे? मग गादी हातात घेऊन पाहावी, ती मुठीतून सुटी गळते की तिचा गोळा होतो? त्यानंतर उजेड, मग गर्दी, मग उवा आणि सर्वांत शेवटी वाण. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि आठवडाभर वाट पाहावी, म्हणजे नेमके कारण हाती लागते. कळपातील एखादीच कोंबडी सर्वांची पिसे उपटीत असेल, तर तिला पंधरा दिवस वेगळी ठेवावी. एकीचे पाहून दुसरी शिकते, म्हणून ह्या बाबतीत दिरंगाई परवडत नाही. अधिक माहितीसाठी गावचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, डहाणू तालुक्यात कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि मुंबईत आरे येथे केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. ह्या संस्थांचा लाभ परसातल्या पालकांनी संकोच न करता घ्यावा.

वाडीची जमीन जे काम फुकट करीत होती ते आता माणसाने अंगावर घेतले आहे. कोंबडीला जाळीआड ठेवण्याचा निर्णय ज्याने केला, त्याने तिच्या चोचीला दिवसभराचा उद्योग पुरविण्याची जबाबदारीही त्याच क्षणी स्वीकारली, असा ह्या साऱ्याचा निष्कर्ष आहे. ती जबाबदारी फार खर्चाची नाही: तूस गिरणीत मिळतो, केळीचा खांब बांधावर पडलेला असतो, पाला परसातच उगवतो, जवळा बाजारात असतो. लागते ती रोज सकाळी दहा मिनिटे कोंडवाड्यापाशी उभे राहून पाहण्याची सवय, आणि जो पालक ती सवय लावून घेईल त्याला टोचाटोचीचा बंदोबस्त पहिले पीस उपटले जाण्याआधीच करता येईल.